चार बोटं प्लाय

तपकीर गल्लीत तपकीर शोधायला कोणी जात नाही. जातात ते माळा, बल्ब, होल्डर, वायरची भेंडोळी आणि सेल आणायला. बुधवार पेठेतली ही गल्ली इतकी अरुंद, की समोरून हातगाडी आली की माणसाला जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढावंच लागतं. पायरीवर चढलं की दुकानदार विचारतो, ‘‘बोला, काय देऊ?’’ तिथला निम्मा धंदा हातगाड्यांच्या जिवावर चालतो, असा माझा जुना संशय आहे.

गेल्या शनिवारी असाच एका पायरीवर चढलो. सोबत भाचा. वय वीस, शिक्षण इंजिनिअरिंग, दैवत रेल्वे. हा मुलगा नुसत्या भोंग्यावरून इंजिन ओळखतो. गाडी दहा मिनिटं उशिरा धावत असेल तर घरात बसून तोंड असं करतो, जणू यानंच ती कुठेतरी अडवून धरली आहे. त्याच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मधे प्लायवर एक आख्खं स्टेशन वसलेलं आहे, १:८७ या प्रमाणात. या हिशेबानं माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. खर्च मात्र पूर्ण मापाचाच राहतो. त्याला बारा व्होल्टचा अॅडॉप्टर हवा होता आणि दोन सेन्सर. पुढच्या टप्प्यात गाडी उभी असेल तर मागची आपोआप थांबवणारे.

‘‘धडकली तर?’’ तो म्हणाला. ‘‘आठ हजारांचं इंजिन आहे, मामा.’’

शेजारी एक गृहस्थ टॉर्च बघत होते. नुसते बघत नव्हते. पेटवून वरच्या माळ्यावरच्या अंधारात झोत टाकला, हातात तोलला, मागचं झाकण फिरवून आतली रबरी रिंग नखानं उचलून पाहिली, परत बसवली, परत पेटवला. असे तीन टॉर्च झाले. दुकानदाराचा संयम बुधवार पेठेतला, तो संपला.

‘‘टॉर्च घेताय की स्थळ बघताय?’’

‘‘स्थळच म्हणा, शेठ. रात्रभर याच्याबरोबर चालायचं असतं.’’

गृहस्थ ट्रॅकमन निघाले. दौंड बाजूच्या एका सेक्शनातले. हल्ली कागदावर ‘ट्रॅक मेंटेनर’ म्हणतात. आधी गँगमन म्हणत. सरकारात माणसाचं काम सोपं करता आलं नाही की नाव अवघड करतात. टॉर्च कामावर मिळालेला आहेच, हा जोडीचा. एक बंद पडल्यावर आठवतं, की दोन हवे होते.

भाच्याचा चेहरा असा उजळला, की तिथल्या माळा फिक्या पडल्या. त्यानं लगेच सुरुवात केली. तुमच्या सेक्शनला कमाल वेग किती, मालगाडीला कुठली इंजिनं येतात, दुसऱ्या शेडचं एखादं चुकार इंजिन कधी दिसतं का, त्याचे नंबर तुम्ही टिपून ठेवता का?

‘‘बाळा,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘इंजिनाचा नंबर वाचत थांबलो, तर माझा नंबर लागेल.’’

रेल्वेवर पुण्याचं प्रेम आहे, यात वाद नाही. दक्खनच्या राणीची पहिली फेरी १ जून १९३० रोजी निघाली आणि तेव्हापासूनचं तिचं वय आपल्याला आपल्या आत्याच्या वयापेक्षा पक्कं पाठ आहे. दर एक जूनला पुणे स्टेशनात केक कापतात, इंजिनाला हार घालतात. कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे आजोबा नातवाला घेऊन जातात आणि नातू कंटाळला तरी आजोबा हलत नाहीत. घोरपडीच्या डिझेल शेडमधलं जुनं इंजिन भंगारात निघालं तर डोळे पुसणारे लोक माझ्या माहितीत आहेत. सख्ख्या काकांच्या तेराव्याला यांनाच सुट्टी मिळाली नव्हती.

पण हे सारं प्रेम चाकांच्या वर आहे. डबे, इंजिन, भोंगा, डायनिंग कारमधलं ऑम्लेट. चाकांच्या खाली काय असतं? रूळ, स्लीपर, खडी आणि क्लिपा. आणि त्या क्लिपा रोज बघत जाणारा एक माणूस, ज्याला कीमन म्हणतात. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी, पिशवीत फटाके. पाच-सात किलोमीटरचा पट्टा, रोज. क्लिप निसटली असेल तर ठोकून बसवायची, फिशप्लेटचा बोल्ट सैल झाला असेल तर आवळायचा. यासाठी गाड्या थांबवत नाहीत. आपण फरशी पुसायला घेतली की घरच्यांना ‘पलंगावर बसा’ म्हणून ओरडतो. इथे फरशी पुसणाऱ्यानंच बाजूला व्हायचं असतं, दर पंधरा-वीस मिनिटांनी.

गस्त याहून निराळी. थंडीत रूळ आकसतात आणि पहाटेच्या गारठ्यात तडकतात. उन्हाळ्यात भर दुपारी पसरतात आणि वाकतात. पावसाळ्यात खालची माती सरकते. म्हणजे तिन्ही ऋतूंत ज्या वेळी आपण पांघरूण ओढतो, पंखा वाढवतो किंवा भजी तळतो, नेमकी ती वेळ यांच्या चालण्याची. पट्ट्याच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटतो, दोघं आपापल्या वह्यांची अदलाबदल करतात आणि मागे फिरतात. माणूस खरंच टोकापर्यंत चालला, याचा पुरावा म्हणजे त्याच्या पिशवीतली दुसऱ्याची वही. मला ही युक्ती फार आवडते. महापालिकेच्या रस्ते विभागात ती लागू करून बघावी.

घाटात आणखी एक तऱ्हा. बोरघाटात पावसाळ्याआधी डोंगरावर चढून सुटे झालेले धोंडे पाडणारी माणसं असतात. त्यांना हिल गँग म्हणतात. लोणावळ्याला गेल्यावर राजमाची पॉइंटवरून आपण जी गाडी बोगद्यातून निघताना बघतो आणि ‘काय दृश्य आहे!’ म्हणतो, त्या दृश्यावर वरून दगड पडू नये म्हणून कोणीतरी दोराला लटकलेलं असतं. आपल्या फोटोत ते येत नाही. आलं तर आपण कापतो.

तपकीर गल्लीतून चार पावलांवर अप्पा बळवंत चौक. गल्लीत उजेड मिळतो, चौकात ज्ञान. बीडचा, नांदेडचा, बुलढाण्याचा मुलगा पाठीवर सॅक घेऊन इथे येतो आणि रेल्वे ग्रुप डीचं गाइड घेतो. ट्रॅक मेंटेनरची भरती यातूनच होते. २०१८ मध्ये या स्तरावरच्या ६२,९०७ जागांसाठी देशभरातून पावणेदोन कोटींहून जास्त अर्ज आले होते. गाइडात सगळं असतं: पानिपतची तिसरी लढाई, विटामिनांची नावं, नळ आणि टाकीची गणितं. लेखी पास झालं की शारीरिक चाचणी. पुरुषांनी ३५ किलो वजन शंभर मीटर न्यायचं, दोन मिनिटांत, मधे खाली न ठेवता. बायकांना २० किलो. आणि धावायचं: पुरुषांनी हजार मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत.

नळ-टाकीऐवजी मी एक गणित सुचवतो. ताशी ११० किलोमीटरनं येणारी गाडी हेच हजार मीटर किती वेळात कापेल? उत्तर: ३३ सेकंद. आता पुढचा भाग. गस्तीत रूळ तडकलेला दिसला तर नियम काय? येणाऱ्या गाडीच्या दिशेनं धावायचं. गाडीपासून दूर नव्हे, गाडीकडे. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका बसवायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. चाक त्यावरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. म्हणजे परीक्षेतली धाव खऱ्या धावेपेक्षा दोनशे मीटरनं कमीच आहे. शिवाय परीक्षेत समोरून काही येत नसतं आणि बूट आपल्या आवडीचे असतात.

या धोक्याची किंमत सरकारनं ठरवलेली नाही, असं म्हणता येणार नाही. सातव्या वेतन आयोगानंतर ट्रॅक मेंटेनरला जोखमीचा भत्ता मिळू लागला तो महिना २,७०० रुपये. रोजचे नव्वद. बुधवार पेठेत नव्वद रुपयांत आता मिसळ येते. जास्तीच्या पावाला पुरत नाहीत.

तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की आपोआप बोलायला लागतात. १० फेब्रुवारी २०२३, शुक्रवार. मुंबईहून दोन वंदे भारत गाड्यांना हिरवा झेंडा मिळाला. एक पुण्यावरून सोलापूरला, दुसरी नाशिक-मनमाडवरून शिर्डीला. फुलांचे हार, फलाटावर मोबाइल उंच धरलेले हात. भाच्यानं तर सोलापूरच्या गाडीसाठी कॉलेज बुडवलं होतं. त्यानंतरचा सोमवार, १३ फेब्रुवारी. शिर्डीची वंदे भारत ज्या मार्गानं गेली त्याच मार्गावर, लासलगावजवळ, पहाटे पावणेसहाच्या सुमारास रुळावर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना एका गाडीनं उडवलं. चौघंही गेले. उडवणारी गाडी वंदे भारत नव्हती, एक्सप्रेस नव्हती, मालगाडीही नव्हती. ती टॉवर वॅगन होती. वरच्या विजेच्या तारांची दुरुस्ती करायला निघालेली, रेल्वेचीच. वरची दुरुस्ती खालच्या दुरुस्तीवरून गेली.

पुढच्या वर्षी २२ जानेवारी २०२४ ला वसई रोड आणि नायगावच्या मधे सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. बिघडलेल्या सिग्नलच्या कामावर गेले होते. रेल्वेच्या सुरक्षिततेवर अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. तिचा अहवाल २०१२ चा. त्यात २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळातला हिशेब आहे: सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मेले, ८,७०० जखमी झाले. त्याच काळात गाड्यांच्या मोठ्या अपघातांत गेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा. पण गाड्यांचा अपघात झाला की डबे आडवे पडतात, हेलिकॉप्टरमधून त्यांचा फोटो घेता येतो. ट्रॅकमन एकेकटा जातो, गाडी वेळेवर पुढच्या स्टेशनात पोचते आणि तिच्या वक्तशीरपणाच्या टक्केवारीला धक्का लागत नाही.

अशा वेळी यंत्रणा स्वस्थ बसत नाही. यंत्र देते. काही वर्षांपूर्वी कीमन आणि गस्तवाल्यांना जीपीएस ट्रॅकर मिळू लागले. माणूस कुठे आहे, किती चालला, कुठे थांबला, हे साहेबाला ऑफिसात पडद्यावर दिसतं. वहीच्या अदलाबदलीची ही सुधारलेली आवृत्ती. माणूस कुठे आहे हे साहेबाला कळलं. गाडी कुठे आहे हे माणसाला कळवणारं यंत्रही आहे. त्याचं नाव ‘रक्षक’. गाडी जवळ येऊ लागली की हातातलं यंत्र वाजतं आणि थरथरतं. हे यंत्र आहे, चाचण्या आहेत, काही सेक्शनांत वाटपही आहे.

‘‘तुमच्याकडे काय आहे?’’ मी त्या गृहस्थांना विचारलं.

‘‘कान,’’ ते म्हणाले.

आणि कानही आता पूर्वीसारखे चालत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या वेळी, म्हणजे वडीलही गँगमध्येच, डिझेल इंजिन दोन किलोमीटरवरून घुमायचं. विजेवरची गाडी अंगावर येईपर्यंत कुजबुजते. भाच्याला हे पटलं नाही. त्याच्या मते विजेच्या इंजिनाच्या कंप्रेसरचा एक सुंदर सूर असतो. त्याच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे. लावू का?

भाच्याच्या जमातीला मी सोडून देतोय असं समजू नका. यांतले निम्मे फोटोसाठी रुळाच्या इतके जवळ उभे राहतात, की इंजिनाऐवजी इंजिनाची पाटी फोटोत यावी. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रुळावर फुकट उभं राहणारा आणि पगार घेऊन उभं राहणारा, दोघांनाही गाडी सारखीच लागते. फरक एवढाच, की फुकट्याच्या हातात चांगला कॅमेरा असतो आणि दुसऱ्याच्या हातात झेंडी.

आता आपण उभे आहोत त्या जमिनीखाली बघा. बुधवार पेठेच्या पोटातून मेट्रो जाते. कागदोपत्री आधी ‘बुधवार पेठ’ म्हटलेलं स्थानक आता कसबा पेठ झालं आहे. स्थानकाच्या नावातसुद्धा पेठांची भांडणं नसती, तर पुण्याला मेट्रो पचली नसती. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा सुरू झाला. खाली सगळं बंदिस्त. रात्री शेवटची गाडी गेली की मग दुरुस्तीवाले रुळावर उतरतात. आणि फलाटावर एक बटण असतं. १९ जानेवारी २०२४ ला सिव्हिल कोर्ट स्थानकात तीन वर्षांचा एक मुलगा खेळता खेळता रुळावर पडला, त्याला वाचवायला आईनं उडी मारली आणि सुरक्षारक्षकानं ते बटण दाबलं. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. आई आणि मूल सुखरूप वर आले. फलाटावरच्या माणसाच्या हाताला लागेल असं बटण: किती साधी गोष्ट. वीस किलोमीटर पलीकडे उघड्या माळावर उभ्या ट्रॅकमनच्या हाताला असं काय लागतं, हे मी मघाशी सांगितलं. झेंडी. रात्री असेल तर टॉर्च.

तो टॉर्च एव्हाना पसंत पडला होता. चहा आला. दुकानदारानं तिघांना पाजला. तिघांपैकी कोणीही अजून पैसे दिले नव्हते, तरीही. बुधवार पेठेत असं क्वचित होतं म्हणून नोंदवतो.

चहा पिता पिता भाच्यानं मोबाइलवर आपल्या प्लायवरच्या स्टेशनाचा फोटो काढून दाखवला. त्यात पोर्टर आहे, चहावाला आहे, छत्री घेतलेली बाई आहे, एक गाय आहे. आणि हल्लीच मागवलेले चार जर्मन बनावटीचे कामगार. पिवळी जाकिटं, डोक्यावर हेल्मेट, हातात फावडी. अप आणि डाउन लाइनच्या मधोमध त्यानं त्यांना फेव्हिक्विकनं चिकटवलेलं.

‘‘छान आहे,’’ गृहस्थ म्हणाले आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. ‘‘पण हे मेले.’’

‘‘का? गाडी त्यांना लागत नाही. मी मोजलंय.’’

गृहस्थांनी काउंटरवरची अॅडॉप्टरची दोन लांबट खोकी घेतली आणि काचेवर समांतर ठेवली. मधे चार बोटांची जागा. तिथे एक पेन्सिल सेल उभा केला.

‘‘ही अप, ही डाउन. हा मी. अपवरून मालगाडी आली.’’ त्यांनी एका खोक्यावरून हात फिरवला, सावकाश, फार सावकाश. ‘‘पन्नास-साठ वाघिणी. खडखडाट एवढा, की बाजूचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मी काय करतो? तिच्यापासून लांब होतो. म्हणजे कुठे येतो?’’

सेल त्यांनी बोटानं दुसऱ्या खोक्याकडे सरकवला.

‘‘आणि डाउनवरून एक्सप्रेस.’’

दुसरा हात झटकन फिरला. सेल पडून काचेवर घरंगळत कडेला गेला. दुकानदारानं तो झेलला; धंद्याची सवय.

‘‘गाडी कुठल्याही लाइनवर येवो, दोन्ही लायनी सोडायच्या. पार कडेला, खडीच्या खाली उतरायचं. सेस म्हणतात त्याला. मेट, म्हणजे गँगचा मुकादम, पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पुस्तकात पण आहे. पण पस्तीस किलोचा रूळकाप्या दोघांनी उचलून धरलेला असतो, पावसात, आणि त्या वेळी पुस्तक आठवत नाही.’’

मग त्यांनी टॉर्चचे पैसे दिले, पंचवीस रुपये कमी करून घेतले, टॉर्च शर्टाच्या आत घातला आणि पायरीवरून उतरले. समोरून हातगाडी येत होती. ते परत पायरीवर चढले, गाडी जाऊ दिली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि मगच गेले. तपकीर गल्लीत दोन्हीकडे बघून चालणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

रविवारी भाचा दिवसभर प्लायसमोर बसून होता. ते चार जर्मन त्यानं ब्लेडनं खरवडून काढले. एकाचा पाय तुटला. त्यांना उभं करायला कडेला जागाच नाही, असं त्याच्या लक्षात आलं. त्यानं रूळ अगदी प्लायच्या काठापर्यंत नेलेत. संध्याकाळी आईला म्हणाला, प्लाय चार बोटं वाढवायला हवा.

बहिणीनं मला फोन केला. आवाज तापलेला. ‘‘तू याला तपकीर गल्लीत नेऊन काय शिकवलंस? आधीच कपाटाचं दार अर्धंच उघडतं. म्हणावं, तुझ्या त्या चौघांना दुसरीकडे कुठेतरी उभं कर.’’